मदत हवी आहे: भाऊ नॅलोक्सोन जवळ ठेवायला तयार नाही

मधलीताई:
जरा लवकर उत्तर द्या. धाकटा भाऊ, २६ वर्षांचा. त्याने परत चालू केलंय. मी नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे आणलाय (जास्त झाली आणि श्वास थांबायला लागला तर वाचवणारं औषध), पण तो हातही लावत नाही. "सहा वर्षं करतोय, मला माझं प्रमाण कळतं, तू मला मारायलाच निघालीयेस का" असं म्हणतो. काल बाथरूमला आतून कडी लावून पाऊण तास बसला होता. मी बाहेर नळाचा आवाज ऐकत उभी. त्याला पटवायचं कसं, एवढंच सांगा. समुपदेशकाकडे न्या वगैरे नको, ते सगळं झालंय.

शंकासुर:
काय चालू केलंय? दारू, गांजा, गोळ्या? ते न सांगता मदत मागताय. नॅलोक्सोन फक्त अफूच्या कुळातल्या मालावर चालतं.

मधलीताई:
पावडर. ब्राउन, म्हणजे हेरॉइन. नॅलोक्सोन म्हटल्यावर कळायला हवं होतं.

पहाटवारा:
ताई, त्याला पहाटे धावायला न्या. माझ्या मेहुण्याची दारू धावण्यानेच सुटली, आता २१ किलोमीटर पळतो. सुरुवातीला बूट चांगले घ्या, गुडघे जातात.

जुना_भिडू:
मी स्वतः नऊ वर्षं त्यात होतो, म्हणून विचारतो. तुम्ही "परत" म्हणालात. मध्ये किती दिवस बंद होतं?

मधलीताई:
तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता. येऊन आठवडा झाला. त्याने काय फरक पडतो?

जुना_भिडू:
ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तीन महिन्यांत अंगाची सवय उतरते, डोक्यातलं माप मात्र तेच राहतं. "माझं प्रमाण" म्हणतो ते तीन महिन्यांपूर्वीच्या अंगाचं प्रमाण आहे. माझे दोन दोस्त गेले, दोघेही केंद्रातून सुटल्यावर पहिल्या पंधरवड्यात. रोज करत होते तेव्हा काही झालं नव्हतं.

दुसरं म्हणजे, ब्राउन म्हणून जे मिळतं ते ब्राउनच आहे हे त्याला कोण सांगणार? त्यात फेंटानिल असू शकतं, अफूच्याच कुळातलं पण प्रयोगशाळेत बनलेलं, हेरॉइनच्या साधारण ५० पट जोरदार. कणभर मिसळलं तरी पुरतं आणि ते काही सारखं कालवलेलं नसतं. एकाच पुडीतून दोघांनी घेतलं, मला काही नाही, शेजारचा निळा. आम्ही सगळे एकच म्हणायचो, "आपला माणूस आहे, तो खराब माल देणार नाही." अरे, त्या माणसालाच माहीत नसतं वरून काय आलंय!

आणि त्याच्याशी बोलताना "ओव्हरडोस" शब्द वापरू नका. आम्ही तो कधी वापरलाच नाही. मी दोनदा लोकांनी तोंडाने श्वास देऊन उठवल्यावर शुद्धीवर आलो, तरी सांगताना "जरा जास्त लागली होती" एवढंच.

काटेकोर:
मुळात हा स्प्रे घरात ठेवणं म्हणजे परवानगी देणं. वाचवणारं औषध हाताशी आहे म्हटल्यावर तो अजून बिनधास्त घेईल.

जुना_भिडू:
काटेकोर, स्प्रे मारला की काय होतं माहितीये? चढलेली सगळी एका झटक्यात उतरते आणि थेट टर्की, म्हणजे माल अचानक तुटल्यावरचा त्रास. उलट्या, घाम, हाडं फुटतात. त्या भरवशावर कोण जास्त घेईल? तिचा भाऊ नाही म्हणतोय तो बहुधा याच धास्तीने. "मारायला निघालीयेस का" याचा अर्थ तोच.

रात्रपाळी:
परिचारिका आहे, मुद्द्याचं लिहिते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ-नखं निळसर, घशातून घरघर, हाक मारून आणि छातीचं हाड चोळूनही हालचाल नाही, असं दिसलं की आधी रुग्णवाहिका बोलवा. स्प्रे एका नाकपुडीत मारा. श्वास नसेल किंवा फारच तुटक असेल तर तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. अंगावर पाणी ओतणं, थपडा मारणं नको, वेळ जातो.
तो उठून बसला तरी एकटं सोडू नका. नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटंच टिकतं, माल त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतो. परत झोपेल आणि श्वास परत मंदावेल.

शंकासुर:
पुडीला हात लावू नका हं ताई. फेंटानिल नुसतं बोटाला लागलं तरी माणूस पडतो.

रात्रपाळी:
नाही पडत. कोरडी पावडर कातडीतून अशी पटकन शिरत नाही. हात धुवा, झालं. या अफवेमुळे लोक पडलेल्या माणसाजवळ जायला घाबरतात.

शंकासुर:
मग २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहात शंभरावर ओलीस कशाने मेले? फेंटानिलच्या कुळातलंच होतं ना?

रात्रपाळी:
तो हवेत सोडलेला वायू होता, श्वासावाटे गेला. बोटाला लागण्याशी काय संबंध? यासाठी वेगळा धागा काढा.

ढवळ्या:
मालात फेंटानिल आहे का ते तपासायच्या पट्ट्या मिळतात त्या आणा, प्रश्न मिटला.

जुना_भिडू:
मिटत नाही. फेंटानिलच्या पट्टीवर नायटाझीन दिसत नाही, तेही तसंच जोरदार. १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बनलेलं, औषध म्हणून कधी बाजारात न आलेलं, ते आता मालात सापडतंय. पट्टी जरूर वापरावी, पण "नाही" आलं म्हणून निर्धास्त होऊ नये.
ताई, स्प्रे त्याने जवळ ठेवून उपयोगही नाही. पडलेला माणूस स्वतःच्या नाकात काय मारणार? तो तुमच्या हाताशी हवा. त्याच्याकडून एकच मागा: कडी नको. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन या हेरॉइनच्या जागी डॉक्टर देतात त्या औषधांचं नंतर बोलता येईल. मी ब्युप्रेनॉर्फिनवर चार वर्षं आहे.

काटेकोर:
म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं.

जुना_भिडू:
रोज सकाळी कामावर जातो, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतो. म्हणा काय म्हणायचं ते.

मधलीताई:
दोन दिवसांनी लिहितेय. कडीबद्दल बोलले. आधी चिडला, मग गप्प. "आत येणार नाहीस, फक्त दर पाच मिनिटांनी हाक मारायची" या बोलीवर कबूल झाला. मी उत्तर आलं नाही तर येणार असं सांगितलं. कडीचे चारपैकी तीन स्क्रू त्यानेच काढले, चौथा गंजलाय. स्प्रे बाहेरच्या कपाटात, चपलांच्या वर. काल रात्री तीन हाका मारल्या, तिन्हींना ओ दिली.

रात्रपाळी:
स्प्रेवरची मुदत बघितलीत का?

मधलीताई:
नाही. थांबा, बघून येते.