खाऱ्या वाऱ्यात क्रोमची गाडी कशाला?

रत्नागिरीकर:
रविवारी संध्याकाळी आरे-वारेच्या चढावर उभा होतो. अर्ध्या तासात अकरा नव्याकोऱ्या ‘जुन्या’, म्हणजे रेट्रो गाड्या मोजल्या. गोल दिवा, फुगीर टाकी, क्रोमचा सायलेन्सर. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०चंच उदाहरण घ्या. वजन १९५ किलो, ताकद २० बीएचपी आणि रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या वर. तेवढ्यातच बजाजची पल्सर एनएस४००झेड दुप्पट ताकद देते. कंपन्या आपल्या बापाच्या आठवणी आपल्यालाच हप्त्यावर विकतायत आणि आपण रांगेत उभे. त्यात कोकण. चार महिने धो धो पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. इथे क्रोमची गाडी घेणारा माणूस गाडी घेत नाही, फोटो घेतो.

मालवणकर:
बाकी सगळं ऐकून घेतलं असतं, शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

‘बापाच्या आठवणी’ म्हणालात. आमच्या घरात कधी मोटरसायकलच नव्हती. बाबांनी हयात एसटीत आणि सायकलवर काढली. मी चाळिशीत पहिली गाडी घेतली, ती गोल दिव्याची. मला कुणी कसली आठवण विकली? मला ती बसायला बरी वाटली. पाठ सरळ राहते, पाय सुटे राहतात आणि मागे बसलेल्या बायकोशी ओरडावं न लागता बोलता येतं.

२० बीएचपीचा आकडा सांगितलात, २७ न्यूटन मीटरचा का नाही सांगितला? तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, चार हजार आरपीएमलाच हाताशी येतो. मालवणहून आचऱ्यामार्गे कुणकेश्वरला जाताना दर दोन मैलांवर चढ, वळण, खाडीवरचा पूल, मग वाडी, आणि वाडीत रस्त्यावर कोंबड्या. या रस्त्यावर चाळीस बीएचपी उधळणार कुठे? टॉपच्या खालच्या गिअरला टाकायची आणि थ्रॉटलवर जायचं. दुकान बंद केल्यावर मी रोज बारा किलोमीटर उगाच जाऊन येतो. एकही फोटो काढलेला नाही.

राहिला बाजार. क्लासिक आपल्याकडे २००९ ला आली. आठवणींवर माणूस एकदा फसेल, एवढी वर्षं दुकान चालत नाही. २०१८ ला जावा परत आली, २०२० ला होंडाची हायनेस, २०२२ ला येझदी, २०२३ ला चाकणमध्ये बनलेली ट्रायम्फ स्पीड ४००. एवढे सगळे एकाच वाटेने आले, ते काय वेडे म्हणून? आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांना ४०. म्हणजे ही हौस आता आधीपेक्षा स्वस्त झाली.

चिपळूणकर:
तुम्ही दोघंही ज्याला रेट्रो म्हणताय ते रेट्रो नाहीच. माझी बुलेट १९८९ ची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबायचा, अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, मग किक. चुकलात तर किक उलटी येऊन पोटरी सुजवते. काकांच्या येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच होता, आत दाबून वळवला की किक, परत आणला की गिअर. आताच्या गाडीत सेल्फ, एबीएस, फ्युएल इंजेक्शन, वर बॅलन्सर शाफ्ट घालून थरथरही काढून टाकली. मग उरलं काय? टाकीचा आकार.

जुलै २०२१ च्या पुरात माझी गाडी दीड दिवस पाण्याखाली होती. चिखल धुतला, तीनदा ऑईल बदललं, कार्ब्युरेटर आणि ठिणगीचे पॉइंट साफ केले, नवव्या दिवशी चालू. शेजाऱ्याची नवी गाडी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि वायरिंगसाठी अडीच महिने शोरूमच्या दारात पडून होती.

मालवणकर:
काका, पोटरी सुजवणं यात कसला आनंद? माझ्या बायकोला माझी गाडी चालवता येते. तुमची येईल का कुणाला?

चिपळूणकर:
माझ्या मुलीला येते. आधी विचारत जा, मग बोला.

मालवणकर:
बरं, ते चुकलं माझं. थरथरीचं मात्र मान्य नाही. थरथर म्हणजे गाडी नव्हे.

गुहागरचा मेकॅनिक:
क्रोमवरून भांडताय म्हणून सांगतो. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, खाली निकेल असतं आणि त्याखाली लोखंड. बारीक छिद्रातून मीठ आत गेलं की गंज आतून फुगतो. वरून पॉलिश मारून तो जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात आधी स्पोकच्या निपल सडतात, मग रिमची आतली कड, मग सायलेन्सरचा खालचा वेल्ड. पुळणीवर गाडी नेणारे तर स्वतःच्या हाताने मारतात तिला. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, वर मेण लावा.

देवगडकर:
इतकं कोण करतं? आम्ही वर्षानुवर्षं डिझेलच्या फडक्याने पुसतो. वडिलांची राजदूत तशीच टिकली.

वेंगुर्लेकर:
डिझेलान पुसतास? मगे रबरां खय ऱ्हवतली? तुमचा ता डिझेल आधी बंद करा.

गुहागरचा मेकॅनिक:
बरोबर. डिझेलने रबर फुगतं आणि तेलकट थरावर धूळ चिकटते. डिस्कवर किंवा ब्रेकशूवर उडालं तर उतारावर ब्रेकच लागणार नाही. हे थट्टेचं काम नाही.

देवगडकर:
राजदूतला डिस्क होती कुठे? आमचा चाळीस वर्षांचा अनुभव खोटा आणि तुमचं गॅरेजातलं ज्ञान खरं?

गुहागरचा मेकॅनिक:
चाळीस वर्षं तुम्ही एक गाडी पुसली. मी महिन्याला साठ उघडतो. डिझेलने पुसलेल्या मागच्या ड्रममधून काय निघतं ते येऊन बघा, मग अनुभवाचं बोला.

देवगडकर:
ड्रमवर उडवू नये एवढं कळतं आम्हाला. बाकी चालू द्या.

महाडहून:
गाडी कुठली घ्यायची ते नंतर बघा, आधी रस्ता मागा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. दर गणपतीत या खड्ड्यांतून मुलाला मागे बसवून नेतो. माझी रिम दोनदा वाकली. वाकलेल्या रिमला गंज काय आणि क्रोम काय.

वेंगुर्लेकर:
रस्त्याचा सगळ्यांक म्हायत आसा. हय गंजाचा चाललाहा.

रत्नागिरीकर:
म्हणजे शेवटी माझंच खरं झालं. दर फेरीनंतर धुवा, सुकवा, मेण लावा. ज्या गाडीला एवढं करावं लागतं ती इथली गाडी नव्हे. टॉर्कचं पटलं, तेवढं मागे घेतो. आचऱ्याच्या रस्त्यावर चाळीस बीएचपी वाया जातात हे खरं. जीएसटीचंही बरोबर. पण क्रोमचं नाही.

मालवणकर:
होडीला दर वर्षी तेल पाजतात, म्हणून ती इथली नव्हे का? मी शनिवारी तासभर गाडी पुसतो. मुलगा स्पोक मोजत शेजारी बसतो. तो तास मला हवा असतो. तुम्हाला नको असेल तर नका घेऊ, पण घेणाऱ्याला फोटोवाला म्हणू नका.

रत्नागिरीकर:
फोटोवाला हा शब्द मागे घेतला. तुमच्यापुरता. अकरातल्या बाकीच्यांचं मला माहीत नाही.

चिपळूणकर:
वरचा गंज सगळे बघतात, टाकीतला कोण बघतो? पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. माझ्या कार्ब्युरेटरची रबरं दोन वर्षांत दोनदा बदलली. याचं उत्तर द्या.

गुहागरचा मेकॅनिक:
इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसात गाडी महिनाभर उभी आणि टाकी अर्धी असली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि पत्रा तिथूनच खातं. म्हणून पावसात गाडी उभी करणार असाल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवाच राहू देऊ नका. कार्ब्युरेटर मात्र उलटं, तो रिकामा करून ठेवा. काका, तुमची गाडी मिरगाआधी घेऊन या, रबरं बदलू.