दुसरा भाग वाचावा की पहिल्यावरच थांबावं? (अश्मयुगीन कादंबरी)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

जीन आऊल यांची 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर' (१९८०) नुकतीच वाचून झाली. आता 'द व्हॅली ऑफ हॉर्सेस' (१९८२) घ्यावी की नाही, यावर गाडी अडलीये. पुढे अजून चार भाग आहेत, शेवटचा २०११ चा. एकदा सुरू केलं की मी मधे सोडणारी नव्हे, म्हणून आधीच विचारते.

या वाटेला लागले ती गोव्यातल्या उसगाळीमळच्या कातळचित्रांमुळे. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या कातळावर बैल, माणसं आणि तो गोल चक्रव्यूह कोरलाय. तिथल्या माणसाने कातळावर पाणी ओतलं तशा रेषा एकेक करून उठून दिसल्या. चित्रं नेमकी किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कोरणारे लोक दिवसभर काय करत असतील, एकमेकांशी कसे वागत असतील, हे काही डोक्यातून जाईना.

पहिल्या भागाने ती भूक भागवली. आऊलबाईंचा काळ आणि मुलूख वेगळा, हिमयुगातला युरोप, पण एला या आपल्यासारख्या माणसांतल्या अनाथ पोरीला वाढवणारी निअँडरथलांची (आता नामशेष झालेल्या दुसऱ्या मानवजातीची) टोळी काय जिवंत उभी केलीये! कोणी कुठे बसायचं, बाईने पुरुषाशी बोलण्याआधी परवानगी कशी मागायची, तिला सांभाळणाऱ्या वैदू इझाची औषधी मुळं. आणि क्रेब! एक हात, एक डोळा गमावलेला म्हातारा, पण सगळी टोळी त्याला वचकून. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ साली असाच अधू निअँडरथल सापडला होता, त्यावरून तो बेतलाय म्हणतात. इतक्या अधू माणसाला कोणीतरी वर्षानुवर्षं सांभाळलं असणार, हे मला सगळ्यात भावलं.

आणि दुसऱ्या भागात म्हणे टोळीच नाही. एला एकटी दरीत राहते, घोडी माणसाळवते, सिंहाचा छावा वाढवते, गारगोटीने आग पाडते. आमच्या फोंड्याच्या वाचनमंडळात यावर सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो खरी कादंबरी इथेच सुरू होते, दुसरा म्हणतो एकटीच्या हातून किती शोध लावायचे त्याला काही सुमार? शिवाय शृंगाराची पानंच्या पानं आहेत असंही कानावर आलंय. अकरावीतली भाची पुस्तक मागतेय, तिला द्यावं का?

वाचलेल्यांनी सांगा. शेवट फोडलात तरी चालेल.

कातळवाट: ताई, वाचाच. एकटीचा हिवाळा, साठवणीचं मांस, घोडीसाठी गवत कापून ठेवणं, हे सगळं अप्रतिम आहे. रडगाणं नायक जोंडालारच्या प्रकरणांचं. तो आणि त्याचा भाऊ डॅन्यूबच्या काठाने चालताहेत, चालताहेत... दोघांची गाठ पडते ती पुस्तक बरंच उलटल्यावर. मी ती प्रकरणं भराभर चाळली, काही बिघडलं नाही. घोड्याचं मात्र मनावर घेऊ नका, तो माणसाळल्याचे पुरावे फार तर पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे. उलट एलाचं मिश्र मूल बाईंनी १९८० साली निव्वळ कल्पनेने लिहिलं, आणि निअँडरथल व आपल्यासारखे मानव यांचा संकर झाल्याचं जनुकांवरून २०१० मध्ये सिद्ध झालं. मानलं बुवा.

शेणैमाम: भाचीच्या बाबतीत दुसऱ्या भागाची काळजी कसली करता? पहिल्या भागात टोळीनायकाचा मुलगा ब्रूड एलावर जी जबरदस्ती करतो ती जास्त जड आहे, तीही ती लहान असताना. आधी तिच्या आईशी बोला. आणि टोळीच हवी असेल तर तिसरा भाग बघा, त्यात मॅमथ मारणाऱ्यांचा मोठा कबिला आहे. प्रेमाचा त्रिकोण मात्र सोसावा लागेल.

मूळ धागाकर्ती: दोघांचे आभार. भाचीचं तिच्या आईवर सोपवते. दुसरा भाग घेतेय, जोंडालार चाळणार. फोंडा-मडगाव भागात कोणाकडे प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कव्हर घालून वाचेन आणि चतुर्थीआधी परत करेन.