चाल मोडली की संपलं
वर कोणीतरी विचारलंय, घोडा चौखूर उधळला तर लवकर पोचेल, मग त्याला रोखायचं कशाला? अहो, हार्नेस रेसिंगची सगळी गंमत त्या रोखण्यातच आहे. मागे सल्की नावाची हलकी दुचाकी गाडी, तीत चालक, आणि घोड्याने नेमलेली चाल सोडायची नाही. चालीवरून घोडे दोन प्रकारचे: ट्रॉटरचे पाय तिरप्या जोडीने पडतात, पेसरचे एका बाजूचे दोन्ही एकदम. चाल मोडली तर आधी घोड्याला आवरायचं. तोवर बाकीचे पुढे! पेसरच्या पायांना बहुधा एका बाजूचे दोन्ही पाय जोडणारे पट्टे असतात, त्यामुळे तो कमी चुकतो. मला मात्र ट्रॉटरच आवडतात. १९२६ साली सुरू झालेली, आता अमेरिकेत न्यू जर्सीत होणारी हॅम्बलटोनियन शर्यत बघा: तीन वर्षांचे ट्रॉटर, अंतर एक मैल. सुरुवातीला फाटक लावलेली मोटार पुढे धावते, घोडे तिच्यामागे, आणि सुरुवातीच्या रेषेजवळ ती वेग घेऊन बाजूला निघून जाते.