दुसरीची वाकळ उलटी करून बघा

वर एका ताईंनी लिहिलंय की गोधडीसाठी नवीन आयडिया हव्या तर दुकानं पालथी घाला. मीही घालते की, खडेबाजारात कटपीस चाळताना तास कधी गेला कळत नाही, पण डिझाईन सुचतं ते दुसरीची वाकळ उलटी करून टाके बघितल्यावरच. (आम्ही वाकळ म्हणतो, शेजारच्या कन्नड काकू कौदी.)

इथं कुणी सिद्दी (कर्नाटकातला आफ्रिकी वंशाचा समाज) बायकांच्या कवंदीचं, म्हणजे त्यांच्या गोधडीचं, लिहिलं नाही अजून. बेळगावजवळच्या खानापूरच्या पुढं हल्याळ, यल्लापूर भागात शिवतात. त्या आपल्यासारखं आधी ठिगळं जोडून मग धावदोरा घालत नाहीत, कडेपासून सुरू करून एकेक तुकडा ठेवत, शिवत, गोल फिरत मधे येऊन संपवतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे 'फुला' लावतात, ते नसले तर कवंदी उघडी वाटते म्हणे त्यांना. मी बघून आले आणि लगेच घरी करायला बसले, तर मधोमध पुरीसारखी फुगली. खालचं लुगडं ताणून घ्यायचंच विसरले होते, निम्मी उसवली शेवटी. कोपरे मात्र झकास जमलेत, तेवढे ठेवलेत तसेच.