मदत हवी आहे: किमोनंतर धावायला लागले आहे, भीती कुठली आणि शरीराचा इशारा कुठला, हे कसं ओळखायचं?

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. लिखाण लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझं वय ४१. दोन वर्षांपूर्वी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, असल्याचं कळलं. एबीव्हीडी नावाची चार औषधांची किमो झाली. सहा सायकल, म्हणजे दोन-दोन डोसांच्या फेऱ्या, दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस. दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन चांगला आला म्हणून फुप्फुसांना इजा करू शकणारं ब्लिओमायसिन तिथेच थांबवलं, बाकीची तीन औषधं शेवटपर्यंत चालली. रेडिएशन लागलं नाही. शेवटचा डोस होऊन १४ महिने झाले. रिपोर्ट क्लीअर आहेत.

आजाराची पहिली चाहूल मला घामावरून लागली. मानेतली गाठ नंतर सापडली. रात्री दोन-अडीचला जाग यायची तेव्हा गाऊन, उशी, चादर सगळं पिळून काढावं इतकं ओलं असायचं. दोन महिने मी ते उकाड्यावर ढकललं. त्यामुळे उपचार संपल्यावरही अंगाला घाम आला की पोटात गोळा यायचा. जिना चढायचे तोही हळूहळू, घाम येऊ नये म्हणून.

धावणं ठरवून सुरू झालं नाही. शेवटच्या डोसनंतर सहा-सात महिन्यांनी एका सकाळी बस सुटताना दिसली आणि मी पळाले. शंभरएक पावलं असतील. बस गेलीच. थांब्याच्या खांबाला धरून धापा टाकत उभी होते, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि दोन-तीन मिनिटांत श्वास आपोआप जागेवर आला. त्या दोन-तीन मिनिटांचं मला इतकं नवल वाटलं, की मागून आलेली बसही मी सोडून दिली. दम लागला होता तो पळाल्यामुळे. घाम आला होता तोही पळाल्यामुळे. इतकं सरळ कारण असलेलं काही माझ्या शरीरात कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं.

मग मोबाईलवर नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर पळायला शिकवणारा एक कार्यक्रम घेतला. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं. ते जमलं. तिसऱ्या आठवड्यात सलग तीन मिनिटं आली, तिथे महिनाभर अडकले आणि तो कार्यक्रम सोडून दिला. आता आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं, असा अर्धा तास. सव्वातीन किलोमीटर होतात. शाळा सुटल्यापासून मी कधी पळालेच नव्हते, त्यामुळे मला जुना वेग वगैरे परत मिळवायचा नाहीये.

यात आनंद कसला, ते सांगून बघते. उपचारांत शरीर दुसऱ्यांच्या हातात होतं. सगळे मायेने करायचे, त्याबद्दल तक्रार नाही. दर वेळी वजन व्हायचं, शीर सापडेना म्हणून हात शेकायचे, सिस्टर काही म्हणायच्या आत मी बाही वर केलेली असायची. पळताना मात्र पाय मी उचलते म्हणून उचलला जातो. मिनिट संपत आलं की त्या पुढच्या झाडापर्यंत जायचं का, हे माझं मी ठरवते. कधी जाते, कधी नाही जात. घरी आल्यावर भिजलेला टी-शर्ट काढून थोडा वेळ हातात धरून ठेवते. हा घाम मी कमावलेला आहे. गेल्या आठवड्यात तो दोरीवर टाकताना रडू आलं, आणि रडून फार बरं वाटलं.

आता अडचणी. पळून आलेल्या रात्री कधी कधी जाग येते आणि मान ओलसर लागते. लगेच हात गाठी शोधायला लागतो, मानेत, काखेत, जांघेत. मग झोप गेली. दुसरं म्हणजे घड्याळ. इतक्या हळू पळूनही ते १६५ ठोके दाखवतं. माझ्या किमोतल्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला त्रास होऊ शकतो हे वाचल्यापासून माझं अर्धं लक्ष मनगटावर असतं. उपचारांनंतर टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते) ६० टक्के, म्हणजे चांगलं आलं, डॉक्टर म्हणाले पळायला हरकत नाही. पण किती आणि कसं, हे विचारायचं त्या गर्दीत राहून गेलं. दोन्ही तळवे अजून बधिर आहेत, जाड मोजे घातल्यासारखे. आणि दुसऱ्या दिवशी कधी साधे पाय दुखतात, तर कधी किमोनंतरच्या तिसऱ्या दिवसासारखी गळून जाते. यातलं काय होणार ते आधी कळत नाही.

घरचं वेगळंच. नवरा काही बोलत नाही, पण मी परत येईपर्यंत खिडकीत उभा असतो. आई म्हणते, एवढ्यातून वाचलीस, आता कशाला परीक्षा बघतेस?

मला थांबायचं नाहीये. मोठ्या आजारानंतर ज्यांनी पळायला सुरुवात केली, किंवा घरात कुणी केली, त्यांनी कृपया सांगा. आतून 'थांब' असं येतं तेव्हा ते भीती म्हणतेय की शरीर म्हणतंय, हे तुम्ही कशावरून ठरवता?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरच्या उपचारांतून बाहेर आलेल्यांबरोबर काम करते. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही, हे धरून वाचा.

आधी घड्याळ. मनगटावरची घड्याळं पळताना कधी कधी फसतात, पावलांचा ताल नाडीचा ताल समजून मोजतात. हळू पळणाऱ्याची मिनिटाला १६०-१७० पावलं सहज पडतात, त्यामुळे तुमचा १६५ हा पावलांचा आकडा असू शकतो. पुढच्या वेळी पळून थांबल्याबरोबर बोटांनी नाडी पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. ठोके खरंच तेवढे असले तरी घाबरून जाऊ नका. जास्तीत जास्त ठोक्यांसाठीचं २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे, एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी नेहमीचा. शिवाय महिनोन् महिने हालचाल कमी झालेली असली किंवा हिमोग्लोबिन उतरलेलं असलं की थोड्या श्रमातही ठोके वाढतात. मी माझ्या रुग्णांना बोलून बघायला सांगते. पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर श्वास तुटत असेल तर चाला.

गळून जाण्याबद्दल: श्रमाचा थकवा झोपेने उतरतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला नाही, तर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजून पुढच्या दोन वेळा निम्मंच करा. तीन आठवडे वहीत लिहा: किती पळालात, आदल्या रात्री किती झोपलात, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. बहुतेकदा झोप आणि थकवा यांचं नातं तिथेच दिसतं. वहीत काही सापडलं नाही तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या.

तळव्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, मला तुमच्या हृदयापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. विनब्लास्टिन, म्हणजे एबीव्हीडीतलं तिसरं औषध, नसांवर परिणाम करतं. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, फोड कळत नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा असू द्या. सपाट रस्ता, उजेड. रात्री तळवे आरशात बघा. आणि रोज भिंतीला हात लावून एका पायावर अर्धा मिनिट उभं राहा, तोल सुधारतो.

रात्रीचा घाम. मान ओलसर होणं वेगळं आणि कपडे बदलावे लागणं वेगळं, हे तुम्हाला स्वतःलाच सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे. जाग आली तर थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, पुन्हा पुन्हा चादर भिजणं, प्रयत्न न करता सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, यातलं काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता फोन करा. गाठी रोज चाचपू नका, रोज दाबून ती जागा दुखायला लागते आणि भीती वाढते. डॉक्टरांशी बोलून महिन्यातला एक दिवस ठरवा. पळताना छातीवर दाब, चक्कर, ठोके चुकणं, थांबूनही न बसणारा दम, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, असं झालं तर पळणं तिथेच थांबवून सरळ डॉक्टरांकडे.

आईंना सांगायला एक गोष्ट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. किमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांत पाच वर्षांनी आजार न उलटलेले ८०.३ टक्के होते, फक्त माहितीपत्रक मिळालेल्यांत ७३.९. तुमचा आजार वेगळा आहे, त्यामुळे हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू करू नका. स्नायू आणि सांध्यांच्या दुखापतीही व्यायाम करणाऱ्यांत जास्त झाल्या. म्हणून मी परत परत हळू म्हणते.

प्रतिसाद २

माझा आजार वेगळा, पण भीती हीच. ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक, दोन स्टेंट. सुरुवातीला छातीत जरा कुठे चमकलं की मी रस्त्याच्या कडेला बसायचो. एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. भीती मी पळायच्या आधी सर्वांत मोठी असते, बूट बांधताना, आणि पहिल्या दहा मिनिटांत कमी होत जाते. खरा त्रास उलटा वागतो, जसजसं पळावं तसतसा वाढतो, चाललं की कमी होतो. मी डॉक्टरांना नेमकं हेच सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी केली आणि एकदा खरंच औषध बदलावं लागलं. म्हणून मी आता दहा मिनिटं चालतो आणि मग पळायचं की नाही ते ठरवतो. घराच्या दारात ठरवत नाही.

प्रतिसाद ३

खिडकीत उभं राहणाऱ्यांपैकी मी एक आहे. बायकोचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झाल्यावर ती पळायला लागली, तेव्हा मीही असाच उभा राहायचो आणि ती आली की काही न झाल्यासारखं पेपर वाचायचो. तिने एकदा विचारलं, बरोबर येतोस का? मला पळता येत नाही, मी सायकल घेऊन मागे राहायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला तिचा चेहरा दिसला, पळतानाचा. खिडकीतून तो दिसत नाही. ताई, त्यांना एकदा न्या.

प्रतिसाद ४

न्यूयॉर्क मॅरेथॉन सुरू करणारे फ्रेड लेबो यांना १९९० मध्ये मेंदूचा कॅन्सर झाला होता. १९९२ मध्ये ते स्वतः ती मॅरेथॉन पळाले, ५ तास ३२ मिनिटांत, आणि शेजारी होत्या ती शर्यत नऊ वेळा जिंकलेल्या ग्रेटे वाइट्झ. नऊ वेळा पहिली आलेली बाई साडेपाच तास मित्राच्या वेगाने पळाली. लेबो दोन वर्षांनी गेले. मला त्यातल्या वाइट्झच जास्त आठवतात. तुमच्या वेगाने पळणारं कुणी एक शोधा.

धागाकर्ती

उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

नाडी बोटांनी मोजली. १३६. घड्याळ आता फक्त वेळ बघायला. वहीत तीन आठवडे लिहिलं तेव्हा गळून गेलेले चारही दिवस नीट झोप न झालेल्या रात्रींनंतरचे निघाले. हिमोग्लोबिन १०.८ आलं, त्यावर गोळ्या सुरू झाल्या आहेत. दहा मिनिटं चालून मग ठरवायचं, हे मला सगळ्यांत उपयोगी पडलं. दोनदा चालूनच परत आले आणि वाईट वाटलं नाही.

एका रात्री मान ओली लागून जाग आली. थर्मामीटर लावला, ३६.८. पंखा बंद होता. वहीत लिहिलं आणि झोपले. पुढचा स्कॅन तीन आठवड्यांवर आलाय, त्याची भीती आहेच आणि ती मी पळून घालवू शकत नाही.

नवरा दोनदा बरोबर आला. पहिल्या दिवशी पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी बोलायला लागला. आई अजून नाराज आहे, पण काल टी-शर्ट तिने दोरीवर टाकला.

फिजिओथेरपिस्ट ताई, तुम्हाला एक विचारायचंय. परवा पळताना उजव्या पायाखाली काहीतरी टोचलं. थांबून बूट काढला तर डाळीएवढा खडा होता. डाव्या पायाला अजून काही कळत नाही. एका पायात आधी संवेदना परत येते, असं होतं का?