उबुंटू २४.०४ वर पिप पांडास टाकूच देत नाही

दूधवाला_अभि:
काकांच्या दूध संकलन केंद्राची दहा दिवसांची बिलं मी काढतो. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) सगळं एक्सेलमध्ये असतं, पायथनच्या पांडास लायब्ररीने वाचून हिशोब करायचा एवढंच काम. जुन्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालायचं. नव्यावर उबुंटू २४.०४ टाकलं, तर पायथनच्या लायब्ररी टाकणाऱ्या पिपला 'पिप इन्स्टॉल पांडास' म्हटलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर. तिच्याच शेवटी 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' असा पर्याय दिलाय. तो देऊन मोकळा होऊ का? परवा बिलं वाटायचीत.

जुना_खोडकर:
नको रे बाबा, नावातच लिहिलंय की काय होईल ते! उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्याच पायथनवर चालतात. तिथली लायब्ररी पिपने बदललीस तर एपीटीला (उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकणारं साधन) पत्ताच नसतो, म्हणून २३.०४ पासून हा अडसर घातलाय.

मी २०.०४ वर याहून मोठा आगाऊपणा केला होता. सिस्टमचं पायथन ३.८ होतं, त्याजागी ३.१० लावलं. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडेना. नुसतं क्लिक करतोय, काही नाही! उबुंटूत टर्मिनल उघडून देणारी स्क्रिप्टच पायथनमध्ये लिहिलेली, हे तेव्हा कळलं. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं, ३.८ परत लावलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तू कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन३ -एम व्हीएन्व्ह बिल' दे, म्हणजे 'बिल' फोल्डरात सिस्टमपासून वेगळं पायथन तयार होईल. मग 'सोर्स बिल/बिन/ॲक्टिव्हेट'. प्रॉम्प्टच्या आधी कंसात 'बिल' दिसलं की पिप बिनधास्त चालव.

दूधवाला_अभि:
पहिल्याच कमांडला 'एन्शुअरपिप' नाही म्हणून ओरडतंय. 🤦

जुना_खोडकर:
हां, विसरलोच. उबुंटूत ते वेगळं टाकावं लागतं: 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हीएन्व्ह'. अर्धवट झालेलं 'बिल' फोल्डर आधी उडव. आणि पांडाससोबत 'ओपनपायएक्सेल' पण टाक. एक्सेल वाचायला ते लागतं आणि पांडास ते आपणहून आणत नाही.

रात्रपाळी:
एक भर. सगळं चालू झालं की 'पिप फ्रीझ'ची (टाकलेल्या लायब्ररींची) यादी फाइलमध्ये ठेव. पुढच्या लॅपटॉपवर 'बिल' फोल्डर उचलून नेऊ नकोस, आतल्या स्क्रिप्टांत जुना पाथ पक्का बसलेला असतो. यादीवरून नवं बनव, दोन मिनिटांचं काम.

दूधवाला_अभि:
झालं! पण हाताने चालतं आणि पहाटे ५ ला आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमधून 'पांडास सापडत नाही' म्हणतं.

जुना_खोडकर:
क्रॉनला तुझं ॲक्टिव्हेट काय माहीत? तिथे नुसतं 'पायथन३' लिहिलंयस ना? त्याऐवजी 'बिल/बिन/पायथन' चा होमपासूनचा पूर्ण पाथ लिही, ॲक्टिव्हेटची गरजच नाही. एक्सेल फाइलचाही पूर्ण पाथ दे, नाहीतर उद्या पहाटे तीच सापडणार नाही.

दूधवाला_अभि:
तीच सापडली नव्हती, आत्ता दुरुस्त केलं. 😄 बिलं छापायला लावलीत.