हॉप्स लागले म्हणून गुण कापू नका
वर एकाने अमेरिकन ब्राऊन एलचे (तपकिरी बिअरचा एक प्रकार) गुण कापलेत, कारण तिला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुलं) वास होता; फेस लवकर बसला म्हणूनही ते नाराज आहेत. ‘हॉप्सचा वास आला, म्हणजे ही ब्राऊन एल नव्हेच’ हे त्यांचं मत इंग्लिश ब्राऊन एलपुरतं ठीक आहे. अमेरिकन प्रकार मुळात घरी बिअर गाळणाऱ्या अमेरिकनांनी इंग्लिश कृतीत आपल्याकडचे हॉप्स सढळ हाताने घातले म्हणूनच जन्माला आला. संत्र्याच्या सालीसारखा किंवा पाइनसारखा हलका गंध इथे दोष नाही. बीजेसीपीच्या (बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) निकषांत कडवटपणा २० ते ३० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), अल्कोहोल ४.३ ते ६.२ टक्के.

मी आधी माल्ट (मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं धान्य) शोधतो. कॅरमेल, चॉकलेट, खरपूस भाजलेल्या पावाची कड. हॉप्सनी ते झाकलं तर ती ब्राऊन आयपीएकडे (हॉप्सचा जोर असलेली तपकिरी बिअर) झुकली. जळकी कॉफी पुढे आली तर पोर्टरकडे (आणखी गडद, भाजक्या चवीची बिअर). गुण तिथे कापावेत.

आणि कृपा करून फ्रिजमधून काढल्या काढल्या निकाल देऊ नका! गार बिअरमध्ये माल्ट मुका असतो. १०-१२ अंशांवर येऊ द्या, मग पुन्हा हुंगा. बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण वासाचे आहेत, चवीचे २०. रंगरूपाला जेमतेम ३, त्यामुळे फेस लवकर बसला म्हणून एवढं नाराज व्हायला नको होतं.